मोहाच्या झाडातला ‘मोह’ कोणता?

भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: “धड्यात ‘मोहाचं झाड’ आलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, याची दारू माणसाला मोहात पाडते म्हणून याचं नाव मोह आहे का? आणि आम्ही लिहायचं काय, मोह, मोहा की महुआ?”

ताई, पोराने विचार केला याचं कौतुक करा, पण उत्तर ‘नाही’ असंच द्या. हे दोन निरनिराळे शब्द आहेत, उच्चार तेवढा एक झाला. मनाला पडतो तो मोह ‘मुह्’ धातूतून आला. मूढ, मोहित ही त्याचीच भावंडं. झाडाचं संस्कृत नाव मधूक, आणि त्यात मधु आहे. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ध’चा ‘ह’ होतो: दधिचं दही, बधिरचा बहिरा, गोधूमचा गहू. तसाच मधूकचा महुअ झाला आणि महुअचा आपला मोहा. अमरकोशात याच झाडाला ‘गुडपुष्प’ असंही नाव दिलं आहे. गुळाचं फूल! ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याने ते फूल नक्की चाखलं असणार.

‘महुअ’ हे रूप गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात भेटतं. गोदेकाठच्या गर्द जाळीत एक मोहाचं झाड आहे, फुलांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकल्या आहेत, आणि एक बाई त्याला विनवते, बाबा रे, सावकाश गळ. फुलं सरली की प्रियकराला भेटायला तिथं येण्याचं तिचं निमित्त उरणार नाही, असा त्याचा अर्थ लावतात. ‘गळ’ हे क्रियापद किती नेमकं आहे! मोहाची फुलं कुणी तोडत नाही. ती आपणहून गळतात आणि माणसं वेचतात.

माझं आजोळ कुरखेड्याकडचं. फाल्गुन-चैत्रात अंधार असतानाच आजी उठवायची, “चाल, मोहा येचाले.” झाडाखालची जमीन आदल्या दिवशीच झाडून ठेवलेली असे. फूल म्हणजे फिकट पिवळा, पोकळ, रसाने टचटचीत मणी. चिमटीत दाबला की बोटं चिकट. मान वर करून पाहिलं तर फांदीच्या टोकाला तपकिरी, लवदार झुबके, आणि त्यांत फळ धरणारा भाग शाबूत. खाली पडतो तो फक्त रसाळ पाकळ्यांचा मणी, म्हणून वेचल्याने फळ कमी होत नाही. अंगणात वाळले की हेच मणी मनुकांसारखे लालसर होतात. मग भाकरीत घाला, खीर करा, नाहीतर भाजून तिळाबरोबर कुटा आणि लाडू वळा. दारू हा त्यातला एक उपयोग. शहरात मोह म्हटलं की तेवढीच आठवते, याचं मला फार वाईट वाटतं. फुलं गोळा करण्यावर आणि त्यांच्या वाहतुकीवर राज्यात जे निर्बंध होते, तेही या दारूपायीच. ते उठले २०२१ साली.

आता लिहायचं काय? ‘महुआ’ हिंदी आहे, मराठीत त्याची गरज नाही. ‘मोह’ कोशांना मान्य आहे आणि ‘मोहफूल’ तर सगळीकडे रुळलेलं. पण सुटा शब्द लिहायचा असेल तर मी ‘मोहा’ लिहीन. ‘मोह सुटला’ आणि ‘मोहा फुलला’ यांत गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो ‘मोहाचा’, ‘मोहात’ अशा रूपांत, कारण तिथे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. तुमच्या विद्यार्थ्याला अडवलं ते याच रूपाने.

त्याच धड्यात पुढे टोळीचं तेल आलं, तर वर्ग पुन्हा थबकेल. इथे टोळी म्हणजे चोरांची नव्हे, मोहाची बी. उन्हाळा सरताना फळं पिकतात आणि आतल्या बिया फोडून, वाळवून तेल काढतात. ते थंडीत तुपासारखं थिजतं. दिव्यात, स्वयंपाकात, फुटलेल्या टाचांवर चालतं. तेल काढून उरलेली ढेपही वाया जात नाही. तुमच्याकडची मुलं मात्र तिला ‘टोरी’ म्हणतील. झाडीबोलीत, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्याचा डोरा होतो तसा. ती चूक समजून खोडू नका, ताई. वर्गात टोरीच म्हणू द्या, आणि फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा.