अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं रेटिंग (म्हणजे त्याचं काम पसंत असलेल्या लोकांची टक्केवारी) निवडणुकीच्या दीड वर्ष आधी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो हरणारच असं धरायचं का?

नाही, इतक्या आधीच्या रेटिंगवरून निकाल धरू नका, तो आकडा फक्त त्या आठवड्यातला मूड सांगतो. गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेचे जुने आकडे बघा, थोरले बुश आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये ८९ टक्क्यांवर होते आणि १९९२ ला बिल क्लिंटनकडून हरले, उलट रेगन जानेवारी १९८३ ला ३५ टक्क्यांवर आले होते, त्यांनी १९८४ ला ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, कारण मधल्या काळात बेरोजगारी बुशच्या वेळी वाढत गेली आणि रेगनच्या वेळी झपाट्याने कमी झाली. रेटिंग सिरीयसली घ्यायचं ते निवडणुकीच्या वर्षातल्या उन्हाळ्यानंतर, तेव्हा ५० च्या आसपास असेल तर चान्स चांगला. आणि प्लीज एकाच पोलवर जाऊ नका, हजारेक लोकांच्या सर्व्हेत ३ टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणून एका महिन्यात २ टक्के घसरले ही बातमीच नाही, एकाच संस्थेचे मागचे पाच-सहा आकडे ओळीने बघा. फक्त हे रेटिंग देशभराचं असतं आणि निवडणूक ठरते राज्यवार, २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना देशात जास्त मतं पडूनही त्या हरल्या, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा अटीतटीच्या राज्यांचे पोल वेगळे बघावेच लागतात.