दुसरीच्या वर्गात आधी बाराखडी की आधी गोष्ट?

तुमच्या दुसरीच्या वर्गातील निम्म्या मुलांना अजून काना-मात्रा नीट येत नाहीत. अशा वेळी गोष्टीची पुस्तके त्यांच्या हाती द्यावीत की आधी बाराखडी आणि जोडाक्षरे पक्की करून घ्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की गोष्ट अडवून ठेवू नये. जोडाक्षरे येईपर्यंत मुलाला थांबवले, तर वाचायला शिकावेसे ज्यामुळे वाटते तेच त्याच्यापासून दूर राहते, आणि घरी एकही पुस्तक नसलेल्या मुलाचे यात सर्वांत जास्त नुकसान होते.

याचा अर्थ अक्षरे शिकवणे सोडावे असा मुळीच नाही. भोवती पुस्तके मांडून ठेवली की मूल आपोआप वाचू लागते, हे मला पटत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. अशा बाबी कोणीतरी नीट दाखवून द्याव्या लागतात. म्हणून अक्षरांचा रोजचा सराव क्रमाने चालू ठेवावा आणि त्याखेरीज वीसेक मिनिटे गोष्टीसाठी राखून ठेवावीत.

त्या वेळेत काय करायचे, हे एका उदाहरणाने सांगतो. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. पहिल्या दिवशी ती फक्त रंगवून सांगावी किंवा वाचून दाखवावी. प्रश्न विचारू नयेत. दुसऱ्या दिवशी म्हातारीचे बोलणे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावावे: ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ लठ्ठ होईन.’ मुलांना ते तोंडपाठ असतेच. तुम्ही शब्दांखाली बोट फिरवत वाचा, मग त्यांच्यापैकी कोणाला तरी बोट फिरवू द्या. जाईन, खाईन, होईन या शब्दांचा शेवट सारखाच दिसतो, हे थोड्याच वेळात कोणीतरी ओरडून सांगते. मग येईन, देईन, नेईन, गाईन असे शब्द मुलेच सुचवतात आणि तुम्ही ते फळ्यावर लिहिता. इथे अक्षरओळख होते, पण अर्थाचा हात न सोडता होते, आणि एरवी मागे राहणारे मूलही यात भाग घेते, कारण पुढे कोणता शब्द येणार हे त्याला ठाऊक असते.

तिसऱ्या दिवशी बोलावे, आणि इथे प्रश्नांची निवड फार महत्त्वाची आहे. ‘म्हातारी वाघाला काय म्हणाली?’ याचे उत्तर एकच असते आणि ते दिले की बोलणे संपते. ‘वाघाने तिच्यावर विश्वास का ठेवला असेल?’ किंवा ‘म्हातारी खोटे बोलली का?’ असे विचारले की मुले एकमेकांना खोडून काढतात, कारणे देतात, पुन्हा गोष्टीत डोकावतात. पुढे वाचनातून अर्थ लावण्याची तयारी यातूनच होते. तात्पर्य मात्र कृपा करून विचारू नका. त्याची सवय लागली की मुले गोष्ट ऐकताना शिक्षकांना कोणते उत्तर हवे असेल याचाच अंदाज घेत बसतात.

त्यानंतर म्हातारीला वाटेत भेटणारा एक नवा प्राणी घेऊन मुलांनी एकेक पान लिहावे आणि चित्र काढावे. खानदेशातील एका वर्गात एका मुलीने म्हातारीच्या तोंडी ‘माले सोड’ असे लिहिले होते. तिच्या बाईंनी ते खोडले नाही, आणि ते योग्यच केले, कारण पात्र घरच्या बोलीत बोलू शकते. निवेदनाची वाक्ये प्रमाण मराठीत लिहायला मूल हळूहळू शिकते. कातकरी, पावरी किंवा गोंडी अशा आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर त्यांची वाक्ये त्यांच्याच भाषेत फळ्यावर उतरवणे ही पहिली पायरी समजावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 पासून आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात मुलाच्या परिसरातूनच शिक्षणाची सामग्री घेण्यावर भर होता, आणि तो आजही तितकाच लागू पडतो.

गोष्टीची पुस्तके पुरेशी मिळत नाहीत, अशी अडचण तुम्ही लिहिली आहे. 2015 मध्ये प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार विनामूल्य मिळतात आणि छापून घेण्याचीही मुभा आहे. लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके शाळेच्या अनुदानातून जरूर मागवा. त्यांतील घर, शेजार आणि मुलांचे बोलणे इतके खरे आहे की मुले स्वतःचे काही सांगायला आपणहून पुढे येतात. आणि डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीच्या, भीतीने पुस्तके कपाटात बंद ठेवू नका. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोरी बांधून ती अडकवा, फाटलेली पाने मुलांकडूनच चिकटवून घ्या, आणि अगदी निकामी झालेल्या पुस्तकांची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने करून ठेवा.

शाळांची पाहणी करणाऱ्या केंद्रप्रमुखांना काय दाखवायचे, हाही तुमचा प्रश्न होता. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने समजून वाचावे अशी अपेक्षा आहे, केवळ वेगाने वाचावे अशी नाही. त्यामुळे वाचनाच्या चाचणीच्या नोंदीसोबत प्रत्येक मुलाने लिहिलेली पाने तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. जुलैचे पान आणि डिसेंबरचे पान शेजारी ठेवले की प्रगती तुम्हालाही दिसेल आणि त्यांनाही.