अँटेना दुरुस्ती : तार कापू नका, केबल तपासून बघा

प्रश्न : हौशी रेडिओचा (हॅम) परवाना मिळाल्यावर मी वडिलांनी बांधलेला ७ मेगाहर्ट्झचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराचा तारेचा अँटेना, पुन्हा उभा केला. मध्ये लोखंडी पाइप, दोन्ही टोकं माडांना. तार नवी घेतली, रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल मात्र त्यांचीच, २५ मीटर आरजी-५८ (आत तार, भोवती जाळी असलेली). एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती किती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही) सगळ्या बँडभर, म्हणजे लहरींच्या अख्ख्या पट्ट्यात, १.३ येतो. तरी माझ्या हाकेला कुणी उत्तर देत नाही. तार कापून बघू का? – एक नवा हॅम, देवगड

उत्तर : आधी पक्कड खाली ठेवा! १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं, ७.१ साठी एकूण तार २० मीटर, म्हणजे बाजूला दहा-दहा. एवढी असेल तर तार निर्दोष आहे.

मला खटकतो तो तुमचा सुंदर १.३. चांगल्या डायपोलचा (तुमच्यासारख्या दोन बाजूंच्या तारेच्या अँटेनाचा) आकडा बँडच्या मध्यावर खाली येतो आणि कडांना थोडा तरी चढतोच. सगळीकडे सारखाच गोड आकडा आला की मी केबलवर संशय घेतो. रिगची (रेडिओ संचाची) शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन संपली, तर परत यायला उरतं काय? मीटर बिचारा खूश.

हे शहाणपण मला एक अख्खा पावसाळा घालवून आलंय. चार महिने मी सूर्यावरच्या डागांना दोष देत होतो (ते कमी झाले की दूरचे संदेश नीट पोचत नाहीत). दिवाळीच्या साफसफाईत केबल उतरवली, वरचं टोक खाली धरलं, तर फरशीवर पाण्याचे तीन-चार थेंब पडले. साल चिरली. आतली तांब्याची जाळी चकचकीत हवी, ती काळी ठिक्कर. जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. वर सांध्यापाशी शिरलेलं पाणी कित्येक मीटर आत उतरलेलं असतं. त्यात तुमच्याकडे खारा वारा.

तुम्ही असं करा. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवा आणि तसंच मोकळं ठेवा. खालून नॅनो व्हीएनए (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) लावा. रिगने पाठवत बसू नका, आउटपुटचे ट्रान्झिस्टर महाग असतात. मोकळ्या टोकावरून जवळजवळ सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणून धडधाकट २५ मीटर आरजी-५८ या बँडवर आठ-नऊच्या आसपास एसडब्ल्यूआर दाखवेल. दोन दाखवला, तर समजा शंभर वॉटमधले जेमतेम तेहेतीस वर पोचतायत. मग ती केबल वाळवत बसू नका, काळी पडलेली जाळी पुन्हा उजळत नाही.

नव्या केबलचा वरचा सांधा डाख देऊन पक्का करा, त्यावर रबराची आपोआप चिकटणारी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे कौलांसारखे थर बसतात. सांध्याखाली केबलला एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जाईल. आणि माड! वाऱ्यात तो हातभर झुलतो. दोरी कप्पीवरून घेऊन खाली विटेचं वजन टांगा, नाहीतर पहिल्याच वादळात नवी तार तुटेल. नंतर लांबी जुळवायची वेळ आलीच, तर टोक कापण्याऐवजी मागे दुमडून पिळा. कापलेलं परत जोडताना लाज वाटते, अनुभवाने सांगतो.

प्रश्न : गच्चीवर जुना दूरदर्शनचा अँटेना गंजतोय. भंगारात देऊ? – वाचक, सातारा

उत्तर : गंजतायत ते बोल्ट, नळ्या ॲल्युमिनियमच्या आहेत. बोल्ट स्टेनलेसचे घाला आणि त्याचा अंतराळ स्थानक ऐकायचा अँटेना करा. मागची नळी १०२ सेंटीमीटर, पुढची ९२, मध्ये ४०-४० सेंटीमीटर अंतर. मधली वळवलेली नळी कापून उपयोग नाही. तिथे ९७ सेंटीमीटरची सरळ नळी दोन तुकडे करून पीव्हीसीच्या तुकड्यावर बसवा, केबलची आतली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. हे झालं १४५.८ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानक ऐकायचं साधन. खांबावर चढवू नका, हातातच धरा. स्थानक क्षितिजावर येऊन दहा मिनिटांत मावळतं, तेवढ्यात मनगट फिरवत त्याच्यामागे जावं लागतं.