“हे वचन मला पाठ आहे, मॅडम. म्हणूनच तर झोप येत नाही”

“माझा विश्वास कमी पडतोय का?” आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. कधी नोकरी गेलेला तरुण विचारतो, कधी पोटातलं बाळ गेलेली सून, कधी दुसऱ्या केमोला निघालेले आजोबा. प्रार्थना चालू आहे, रविवारची उपासना चुकत नाही, तरी छातीतली धडधड थांबत नाही. मग देव ऐकत नाही, की आपलंच काहीतरी चुकतंय?

थेट उत्तर द्यायला गेलं की ते भिंतीवरच्या वचनाच्या कॅलेंडरसारखं होतं. त्यापेक्षा एस्तेरताईंबद्दल सांगते. नाव खरं नाही, काही तपशीलही बदललेत. “सांगा, पण आमच्या चर्चच्या मंडळीला ओळखू येईल असं नको,” एवढ्या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

ताई नगर जिल्ह्यातल्या, वय 47, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. वीस वर्षांचा मधुमेह, त्यात ब्लडप्रेशर, शेवटी दोन्ही मूत्रपिंडं गेली. दोन वर्षांपासून डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत डायलिसिसचा खर्च भागतो. गाडीभाडं, वरची औषधं आणि ताईंच्या रजा कोणत्याच योजनेत बसत नाहीत. मुलगा बारावीला.

त्यांच्या डॉक्टरांनी झोपेसाठी थोड्या गोळ्या दिल्या होत्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी. ती चिठ्ठी तीन आठवडे ‘उपासना संगीत’ या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकाच्या पानांत घडी घालून पडली होती. माझ्याकडे आल्या त्या धाकट्या बहिणीने ओढत आणल्या म्हणून.

पहिल्या दिवशी ताई माझ्याशी चर्चमध्ये उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष दिल्यासारखं बोलल्या. “प्रभू चालवतोय. त्याच्या कृपेने सगळं ठीक आहे.” बोलताना उजव्या हाताचा अंगठा मात्र डाव्या मनगटावर फिरत होता, दाबून, थांबून, पुन्हा फिरून. मी विचारलं, हे काय करताय? त्यांनी हात झटकन मागे घेतला.

डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ती थांबली तर रक्त साकळल्याची शक्यता असते आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो. रोज एक-दोनदा हात लावून बघा, असं नर्सने सांगितलं होतं. ताई रात्रीतून पंधरा-वीस वेळा बघत होत्या. नवरा झोपला की अंधारात चाचपडत त्याचा हात शोधायचा, घुरघुर लागली की ‘धन्यवाद प्रभू’ म्हणायचं, पडायचं आणि दहा मिनिटांत पुन्हा उठायचं. दिवसा वर्गात फळ्यावर लिहिताना स्वतःचंच मनगट दाबायची सवय लागली होती.

इथे मी चूक केली. इतक्या वर्षांच्या कामानंतर होऊ नये अशी. त्यांना धीर द्यायच्या घाईत मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन काढलं: “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका...” त्यांनी ते माझ्या तोंडातून घेऊन पूर्ण केलं, अध्याय आणि ओवीसकट. मग थोडं थांबून म्हणाल्या, “हे वचन मला पाठ आहे, मॅडम. म्हणूनच तर झोप येत नाही.”

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. त्यांच्या लेखी ते वचन म्हणजे आज्ञा होती आणि छातीत धडधडलं की आज्ञाभंग. मुळात नवऱ्याची काळजी, वर काळजी केल्याचा अपराध.

दुसऱ्या भेटीला ताई एक वही घेऊन आल्या. चार पानं भरलेली. एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या वक्त्याने सांगितलं होतं की आजार हटत नसेल तर घरात लपलेलं पाप शोधा. त्या शोधायला बसल्या. सासूशी खोटं बोलले, 2009. दोन महिने दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला दिला नाही. लग्नाआधी एका मुलाची पत्रं जपून ठेवली होती. शाळेतला खडू घरी आणला. खरंच खडू लिहिला होता.

मला राग आला, तो मी लपवला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढायला सांगितला. जन्मांध माणसाला बघून शिष्य नेमकं हेच विचारतात: पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. ताई शिक्षिका आहेत. मी म्हटलं, “इतकं स्पष्ट उत्तर पेपरात आलं तर तुम्ही किती मार्क द्याल?” त्यांनी वही पिशवीत टाकली. फाडली नाही, तेही मी लक्षात ठेवलं.

त्याच दिवशी मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलेला बाहेर यायला वाट मिळते. त्या म्हणाल्या, “मरावं असं नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं.” काही ठरवलेलं नव्हतं, तरी मी ते तसंच सोडलं नाही. त्यांच्या संमतीने बहिणीला आत बोलावलं. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघींच्या फोनमध्ये घातला. आणि उपासना संगीतातली चिठ्ठी बाहेर काढायची वेळ झाली, असं सांगितलं.

“मनाच्या आजारावर गोळी घेतली तर प्रभूवर भरवसा नाही असं होत नाही का?”

“दादांना डायलिसिसला नेता ते प्रभूवर भरवसा ठेवून की सोडून?”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लूक वैद्यच होता म्हणा.” शुभवर्तमान लिहिणारा तो लूक. प्रेषित पौलाने आपल्या पत्रात त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आणि तरुण सहकारी तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं तेव्हा पौलाने त्याला नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असंही सांगितलं.

डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या. असर दिसायला काही आठवडे लागतात, तेवढे लागले. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते बायबलमधल्या स्तोत्रांचं. पौलाच्या बाबतीत एक गोष्ट मी त्यांना आधीच दाखवली होती. ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे त्याने कैदेत असताना लिहिलं. त्याच पत्रात आजारी पडून मरणाच्या दारात गेलेल्या एपफ्रदीत या सहकाऱ्याविषयी तो किती कासावीस झाला होता, तेही आहे. करिंथकरांना लिहिताना तर सगळ्या मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज जाळते, असं तो उघड सांगतो. म्हणजे ते वचन लिहिणाऱ्याचीही छाती धडधडत होती. ताईंना हे डोक्याने पटलं, पण डोक्याने पटल्यावर झोप येत असती तर माझी गरजच उरली नसती.

म्हणून मी त्यांना 88वं स्तोत्र मोठ्याने वाचायला लावलं. आपल्याकडे उपासनेत 23वं वाचतात, 91वं वाचतात, 121वं वाचतात. 88वं कुणी वाचत नाही. त्यात देवाला हाका आहेत, तक्रार आहे आणि शेवट अंधारात होतो. पुढे सुटका नाही, स्तुतीही नाही. ताई वाचत गेल्या, शेवटच्या ओवीवर थांबल्या, पान उलटून पाहिलं. “संपलं? पुढे काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“आणि हे बायबलमध्ये ठेवलंय?”

मी म्हटलं, ठेवलंय, गायला ठेवलंय. आता पाप शोधलेल्या त्याच वहीत, मागच्या बाजूने, स्वतःचं एक लिहा. शुद्ध भाषा नको, घरात बोलता तसं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जे वाचून दाखवलं त्यातला एवढाच भाग त्यांच्या परवानगीने देते: “देवा, ह्यांना दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहा आला, वरण आलं, गोळीचा घोट आला. एप्रिल महिना, नगरचं ऊन. रात्री हे उठून माठाला नुसता हात लावतात आणि तो गार हात तोंडावरून फिरवतात. मी झोपेचं सोंग घेते. तुझा पोरगा वधस्तंभावर म्हणाला होता, मला तहान लागली आहे. तुला ते ऐकू आलं होतं ना? मग हे ऐक.”

वाचून झाल्यावर त्या घाबरल्या. “हे पाप झालं का?” मी म्हटलं, ताई, ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याशी माणूस असं भांडत नाही. दोन वर्षांत त्या पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. शेजारच्या खोलीतल्या सहकारी दार ठोठावून बघून गेल्या.

मग रात्रीच्या तपासणीचं काम हाती घेतलं. डायलिसिसच्या नर्सला विचारून ठरवलं की फिस्टुला दोनदा बघायचा, झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर. मधे हात शिवशिवला तरी उठायचं नाही. सोपं वाटतं, पण पहिले चार दिवस भयंकर गेले. अडचण अशी की त्यांची प्रार्थनाही आता तपासणीसारखी झाली होती. मनापासून झाली का, नावं सगळी घेतली का, नसेल तर पहिल्यापासून. म्हणून तिलाही मर्यादा घातली. झोपताना दादांच्या हातावर हात ठेवून, ती घुरघुर लागत असताना, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणायची. अडखळली तरी परत नाही. सल्ला ऐकून ताईंना धक्का बसला. प्रार्थना कमी करा असं सांगणारी ख्रिस्ती बाई त्यांनी पाहिली नव्हती.

त्यांच्या घरात एक मोठी आठवण आहे. त्यांची पणजी 1900च्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, आलेलं पोर. त्यामुळे रमाबाई त्यांना घरच्याच. 1921च्या जुलैत रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922ला, स्वतः रमाबाई गेल्या. मधल्या काळातही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्यापुढे होतं. “त्या डगमगल्या नाहीत, आणि मी बघा,” असं ताई म्हणायच्या. मला अशा तुलना आवडत नाहीत. मुक्तीच्या आवारात शेकडो जणी एकत्र राहत, जेवत, उपासनेला बसत. ताई पहाटे साडेपाचला आजारी नवऱ्याला घेऊन एकट्या एसटी स्टँडवर उभ्या असतात.

मराठीत आपण धीर ‘देतो’. एकाकडचा दुसऱ्याला देता येतो. ‘संकटाने धीर निर्माण होतो’ हे रोमकरांस पत्रातलं वाक्य ताई नेहमी म्हणायच्या, पण धीर म्हणजे दात-ओठ खाऊन एकटीने सोसणं, असाच अर्थ त्यांनी धरला होता. मी त्यांना एलीयाची गोष्ट आठवून दिली. रानात झुडपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणणारा संदेष्टा. देवदूत येतो आणि त्याच्या विश्वासाबद्दल अवाक्षर काढत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, ऊठ आणि खा म्हणतो. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला लावतो. देवाशी बोलणं बऱ्याच दिवसांनी, डोंगरावर. “तुमची भाकर कोण आणतं?” मी विचारलं. त्यांना एकही नाव सांगता आलं नाही.

पुढचं त्यांनी मला न विचारता केलं. एका रविवारी साक्षीच्या वेळी उभ्या राहिल्या. आधी महिला मंडळात ‘प्रभूने मला शांती दिली’ असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं, एवढं कबूल केलं. मग म्हणाल्या, “मला झोप येत नाही. गोळ्या चालू आहेत. शुक्रवारी पहाटे साडेपाचला कुणीतरी सोबत हवंय.” आणि खाली बसल्या.

चर्चचा कारभार बघणारे एक वडील (एल्डर) नंतर कुरकुरले की ही साक्ष नव्हे, ही तर विनंती झाली. पाळकसाहेबांनी काय उत्तर दिलं ते ताईंना ऐकू आलं नाही. दारात मात्र तरुण संघातला एक रिक्षावाला थांबला होता. “काकू, शुक्रवारचं माझ्याकडे. मंगळवारी शाळेची पोरं सोडायची असतात, तेव्हा नाही जमणार.”

दादांचं डायलिसिस चालूच आहे. वजन दोन डायलिसिसच्या मधे वाढतं, पाण्यावरून घरात भांडणं होतात. ताईंची गोळी डॉक्टरांनी अजून बंद केलेली नाही. काही रात्री अजूनही त्या तीन-चार वेळा उठतात.

मध्यंतरी एका शुक्रवारी सकाळी फोन आला. मागे दवाखान्याच्या व्हरांड्याचा आवाज, कुणाचं तरी नाव पुकारत होते. “मॅडम, पाळकीणबाई आल्यात सोबत. मेथी निवडत बसल्यात इथे बाकावर. सिस्टर रागावल्या, कचरा करू नका म्हणून.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून दीड तास झोपले. दादांना आत लावलंय, आणि मी इथे घोरत होते म्हणे. आता उठवून चहा-पाव हातात दिलाय. ठेवते फोन, गार होईल.”