घड्याळ आठला बरोबर वाजतं, नऊला चुकतं

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वडील मूळ गुहागरकडचे, तीसेक वर्षं बोटीवर होते, सुखाणी, म्हणजे बोटीचं सुकाणू धरणारे, म्हणून रिटायर झाले. पंचाहत्तरीला त्यांना बोटीवरच्या घंटेसारखे टोल देणारं घड्याळ द्यायचं म्हणून मुलाने ऑनलाइन शोधून शोधून 21,500 रुपयांना एक पितळी, चावीचं मागवलं. जाहिरातीत सरळ लिहिलेलं की 'पारंपरिक शिप्स बेल वाजवतं'. पार्सल कपाटात लपवून ठेवलं, सोळाव्या दिवशी वाढदिवसाला उघडलं, रात्री आठला आठ टोल पडले, सगळे खूश. नऊला नऊ पडले आणि बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपल्या शाळेतलं घड्याळ!" विक्रेता आता म्हणतो रिटर्नची 10 दिवसांची मुदत गेली, शिवाय वस्तू अँटिक आहे, 150 वर्षं जुनी, नो रिटर्न नो एक्स्चेंज, आणि आठला आठ टोल पडतायत याचा व्हिडिओच त्याने पाठवलाय. काही करता येईल का?

येईल. बाबांचा कान अजून शाबूत आहे आणि तुमची केस त्या कानावरच उभी आहे, म्हणून आधी टोलांचंच बोलू, कारण ग्राहक आयोगात बसलेल्या माणसाने बोटीवर पाय ठेवलेला असेलच असं नाही.

बोटीवर पहारा चार तासांचा. पहाऱ्याचा पहिला अर्धा तास झाला की एक टोल, मग दर अर्ध्या तासाला एकेक वाढत पहारा संपताना आठ, की परत एकपासून सुरू. म्हणजे साडेबाराला एक, एकला दोन, दीडला तीन, असं करत चारला आठ. आणि ते जोडीने वाजतात, टण-टण, थांबून टण-टण, एखादा उरला तर शेवटी एकटा. घरातलं घड्याळ जितके वाजले तितके टोल देतं आणि अर्ध्या तासाला एक. आता गंमत बघा, आठ वाजता दोघांचे आठच, साडेआठला दोघांचा एकच. विक्रेत्याने नेमका आठचा व्हिडिओ पाठवला हा योगायोग असेल किंवा नसेल, मला विचाराल तर नसेल. त्या व्हिडिओतही आठ टोल सरळ एका लयीत पडतायत की जोडीने ते नीट ऐका. नऊला मात्र बोटीचे दोन, घरचे नऊ. बाराला बोटीचे आठ, घरचे बारा. शिप्स बेलच्या घड्याळात आठच्या वर टोल नसतोच, ज्या घड्याळात नऊ पडले ते शिप्स बेल नाही, इतकं साधं आहे हे.

एक गोष्ट मात्र तक्रारीत घालू नका. संध्याकाळी 4 ते 8 चा पहारा बोटीवर दोन-दोन तासांचा फोडलेला असतो, त्यामुळे साडेसहाला पाच न वाजता एक वाजतो. बाबा म्हणतील तेही चुकतंय, आणि म्हणणं खरंच आहे, पण सहसा अस्सल शिप्स बेल घड्याळंही तिथे पाचच देतात. तो मुद्दा घातलात तर समोरच्याला उगाच उत्तर द्यायला जागा मिळेल.

आता कायदा. वर्णन सांगून माल विकला तर माल त्या वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, ही वस्तू विक्री कायदा 1930 च्या कलम 15 मधली अट आहे, ती बिलावर लिहिलेली नसली तरी लागू असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये वस्तूचा दर्जा, प्रकार किंवा मॉडेल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते, कलम 2(47). आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा म्हणजे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांमधला नियम 6, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेता माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे त्याची 10 दिवसांची पॉलिसी ही मन बदललं, रंग आवडला नाही अशांसाठी ठीक, इथे तिच्यामागे लपता येणार नाही. तुम्ही 16 दिवसांनी उघडलंत हे त्याचा वकील नक्की काढेल, तेव्हा वाढदिवसाचं कारण सरळ सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

अँटिकवाल्या मुद्द्याचं तर मला हसूच आलं. 100 वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. त्याला एका ओळीत विचारा, साहेब 150 वर्षं जुनं असेल तर तुमचा लायसन्स नंबर द्या. माझा अंदाज आहे की पुढच्या मेलमध्ये घड्याळ एकदम तरुण होईल, आणि दोन्ही मेल तुमच्या फाइलला लागतील.

पुरावा आजच गोळा करा, कारण जाहिरातीतली ओळ कधीही बदलली जाईल. तारीख दिसेल असे त्या पानाचे स्क्रीनशॉट, बिल, पेमेंटचा मेसेज, सगळे चॅट. व्हिडिओ सलग हवा, शेजारी दुसरा फोन ठेवून त्यावरची वेळ दिसू दे, पावणेनऊपासून साडेनऊ होऊन जाईपर्यंत, आणि दुसरा दुपारी बाराचा. काटे हाताने फिरवू नका हं, नाहीतर समोरचा म्हणेल टोल तुम्हीच बिघडवलेत. घड्याळजीकडे उघडायलाही नेऊ नका. व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागतं ते, सर्टिफिकेट जोडलेलं बरं. बाबांचं अफिडेव्हिट घ्या, सीडीसीची, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तकाची, कॉपी लावा, एवढी वर्षं बोटीवर घंटा ऐकलेला साक्षीदार घरातच बसलाय तर बाहेरचा एक्स्पर्ट कशाला शोधायचा.

पहिली तक्रार साइटच्या ग्रिव्हन्स ऑफिसरकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी करा, त्याला 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, विक्रेता आणि साइट दोघांनाही पार्टी करा. विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, दाखल करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही (हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय). मुदत 2 वर्षं. कायद्यात निकाल 3 महिन्यांत म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त धरा. मागायचं काय तर पूर्ण पैसे व्याजासकट, परत नेण्याचा खर्च त्याचा, आणि त्रासाबद्दल काही हजार. लाखाचा आकडा टाकून तक्रार हास्यास्पद करू नका.

पैसे आल्यावर दुसरं घेणार असालच म्हणून सांगतो. मुंबईतल्या दारूखाना भागात किंवा चोर बाजारात मोडीत काढलेल्या जहाजांवरची घड्याळं दिसतात, त्यांच्या मोहात पडू नका, ती बहुतेक मुकी असतात, काही तर बोटीवरच्या मुख्य घड्याळाला जोडल्याशिवाय चालतही नाहीत. बोटीवर घंटा माणूस वाजवायचा, घड्याळ नाही. टोल देणारी घड्याळं वेगळी, अमेरिकेतली चेल्सी कंपनी 1897 पासूनची, नाहीतर जर्मन शाट्झचं रॉयल मरिनर वगैरे. परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवलंत तर कस्टम ड्यूटी पडेल आणि इथल्या आयोगाचा आदेश तिकडे वसूल करणं अवघड. इथल्याच माणसाकडून घ्या, आधी लेखी विचारा की दुपारी बाराला किती टोल पडतात, आणि व्हिडिओ मागताना बाराचाच मागा, आठचा पाठवला तर पुढे बोलूच नका.