परदेशी पीएच.डी.: आधी रचना विचारा, रँकिंग नंतर

संगणकशास्त्रातल्या आंतरराष्ट्रीय पीएच.डी.बद्दल सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देतो आहे. बहुतेकांनी ‘कुठलं विद्यापीठ चांगलं?’ असं विचारलं आहे. माझा आग्रह असा की पीएच.डी. विद्यापीठाच्या नावावर पार पडत नाही. ती कशी बांधलेली आहे, म्हणजे पैसे किती वर्षांचे, मार्गदर्शक किती, दरवर्षी काम कोण तपासतं आणि अडचण आली तर कोणाकडे जायचं, हे आधी बघा.

प्रश्न : मी इस्लामपूरजवळच्या कॉलेजात बी.टेक. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक. न करता थेट परदेशात पीएच.डी. करता येते का? अमेरिका बरी की जर्मनी?

येते. अमेरिकेत बी.टेक.नंतर थेट प्रवेश मिळतो. प्रवेश विभागाची समिती देते, पहिली दोनएक वर्षं कोर्सवर्क, म्हणजे वर्गात शिकायचे विषय, असतात, मग पात्रता परीक्षा आणि पुढे प्रबंध. सगळं मिळून साधारण ५ ते ६ वर्षं धरा. बऱ्याच ठिकाणी गाइड पहिल्या वर्षात ठरवता येतो, आणि नाहीच जमलं तर बदलताही येतो.

जर्मनीची जुनी पद्धत आपल्या तालमीसारखी आहे. पोरगं तालमीत घातलं की वस्ताद ठरला. तिथे गाइडला ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टर-बाप, असंच म्हणतात. प्राध्यापक जागेची जाहिरात काढतो, तुम्ही नोकरीला लागता, बहुतेक वेळा ‘टीव्ही-एल ई-१३’ या सरकारी श्रेणीत पगार मिळतो आणि कोर्सवर्क जवळपास नसतंच. वस्ताद चांगला असेल तर यासारखं सुख नाही. नसेल तर दाद मागायला दुसरं दारच नाही. हा दोष त्यांच्याही लक्षात आला. म्हणून १९९०पासून तिथे अनेक प्राध्यापकांनी मिळून चालवायचे संशोधन-गट सुरू झाले आणि पुढे ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे एका गाइडऐवजी संस्थेने चालवलेले पीएच.डी.चे कार्यक्रम, आले. जर्मनीत सहसा एम.टेक. लागतं, पण सारब्रुकेनच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये पदवीनंतरही घेतात. आधी तयारीचा टप्पा, कोर्सवर्क, पात्रता परीक्षा आणि मग प्रबंध. शिकवणं इंग्रजीत आहे.

कशावर काम करायचं हे अजून ठरलं नसेल तर कोर्सवर्क असलेली रचना घ्या. शेवटच्या वर्षाला असताना ते ठरलेलं नसणं अगदी स्वाभाविक आहे.

प्रश्न : सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक विभागाचा प्रमुख आहे. युरोपातल्या एका विद्यापीठाशी आमचा सामंजस्य करार झाला. आता संयुक्त पीएच.डी. सुरू करायची आहे. रचना कशी करावी?

सर, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सामंजस्य करार म्हणजे साखरपुडाही नव्हे, नुसतं पाहणं झालं. पहिला मुद्दा पदवीचा. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. तुमचं कॉलेज संलग्न असेल तर शिवाजी विद्यापीठाला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. यूजीसीने मे २०२२मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम काढले आहेत. नॅकचं मूल्यांकन, एनआयआरएफ ही देशातली क्रमवारी आणि जागतिक क्रमवारी यांवर आधारलेल्या पात्रतेच्या अटी त्यात आहेत, त्या आधी तपासा. पीएच.डी.साठी दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्ही संस्थांत किमान एकेक सत्र आणि प्रबंध एकच, असं ते नियम सांगतात. युरोपात या पद्धतीला ‘कोट्युटेल’ म्हणतात. मुंबईत आयआयटी आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाची संयुक्त अकादमी २००८पासून चालू आहे. त्यांच्या माणसांना एकदा भेटाच.

आता वर्षांची आखणी. माझ्या मते पहिलं वर्ष सांगलीतच असावं. यूजीसीच्या पीएच.डी. नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं, ते इथे उरकावं आणि त्याच वेळी विषयाचं वाचन व्हावं. परदेशातला मुक्काम दुसऱ्या वर्षी ठेवा. काही हातात नसताना मुलगा तिकडे पाठवला तर पहिले चार महिने नुसता बावरलेला असतो. शेवटचं वर्ष कुठे काढायचं हे मुलावर सोडा. सुरुवात दोन-तीन विद्यार्थ्यांवर करा, वीसवर नको.

पैशांचा हिशेब ओळीओळीने लिहा. फी कोणत्या वर्षी कुठे भरायची, विमान तिकीट, आरोग्यविमा आणि घराचं डिपॉझिट कोण देणार. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो. मी पीएच.डी.ला गेलो तेव्हा पहिला पगार महिनाअखेरीस होता आणि डिपॉझिट पहिल्या दिवशी. तीन आठवडे एका सहकाऱ्याच्या स्वयंपाकघरात गादी टाकून काढले. ही उसनवार तुमच्या विद्यार्थ्यावर येऊ देऊ नका. हजार-दोन हजार युरोंची बिनव्याजी उचल देण्याचं कलम पुरेसं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं कलम मात्र गाइड सोडून गेला तर काय, याचं. माझ्या दुसऱ्या वर्षी माझे गाइड दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात गेले. नियमावलीत याबद्दल एक ओळ नव्हती. सर्व्हरवरचं माझं खातं बंद झालं, प्रयोगांचा डेटा कोणाचा यावर ईमेल फिरत राहिले आणि सात महिने वाया गेले. तेव्हा रात्री झोप लागत नसे. म्हणून सांगतो, दुसरा मार्गदर्शक नावापुरता ठेवू नका, दर पंधरा दिवसांनी तो बैठकीत दिसला पाहिजे. पहिला गेला तर तोच जबाबदार, असं स्पष्ट लिहा. कोड आणि डेटावर विद्यार्थ्याचा हक्क काय, हेही लिहा. संशोधन सल्लागार समिती आपल्या नियमांत आहेच आणि दर सत्राला प्रगती दाखवावी लागते. त्या समितीत दोन्ही मार्गदर्शकांशी संबंध नसलेला एक माणूस घ्या, आणि प्रत्येक बैठकीची शेवटची दहा मिनिटं मार्गदर्शकांना बाहेर बसवून विद्यार्थ्याला त्याच्याशी बोलू द्या. ही दहा मिनिटं मला मिळाली असती तर ते सात महिने वाचले असते.

बैठकीची वेळ सांगलीत दुपारी अडीचची धरा. जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात ११ आणि हिवाळ्यात १० वाजलेले असतात, दोन्हीकडे माणसं ताजी असतात. परीक्षकांची संख्या, प्रबंधाचा साचा आणि मौखिकी कुठे होणार हे पहिल्याच वर्षी ठरवा. दोन विद्यापीठांच्या परीक्षा विभागांचं शेवटच्या महिन्यात जुळत नाही.

आणि एक. आंतरराष्ट्रीय म्हणजे आपली पोरं तिकडे, एवढंच नव्हे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्रत्येक गाइडला ठरलेल्या संख्येव्यतिरिक्त दोन परदेशी संशोधक घेता येतात. एखादी मुलगी नेपाळहून किंवा केनियाहून सांगलीच्या विश्रामबागेत येऊन संशोधन करते आहे, हे मला बघायचं आहे.

प्रश्न : मी कराड तालुक्यातला शेतकरी. मुलीला नेदरलँड्समधून पीएच.डी.ची संधी आली आहे. कर्ज काढावं लागेल का?

दादा, मुलीचं मनापासून अभिनंदन. जमीन अजिबात गहाण टाकू नका. नेदरलँड्समध्ये संगणकशास्त्राची पीएच.डी. बहुतेक वेळा साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. स्वीडनमध्येही तसंच. अमेरिकेत बहुतेक वेळा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. तिकीट, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचा खर्च एवढीच तजवीज लागते. पत्रात नोकरीचा करार आहे की नुसता प्रवेश, हे मुलीकडून वाचून घ्या. इंग्लंडमध्ये प्रवेशाचं पत्र वेगळं आणि पैशांचं वेगळं असू शकतं, तिथे फसगत होते. स्वतः फी भरून करायची पीएच.डी. असेल तर माझा सल्ला ‘नको’ असाच राहील.

प्रश्न : माझे इथले गाइड म्हणतात जर्नलमध्येच छाप, परदेशातले सहमार्गदर्शक म्हणतात कॉन्फरन्सला पाठव. कोणाचं ऐकू?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. संगणकशास्त्रात चांगल्या कॉन्फरन्सचा पेपर जर्नलच्या तोडीचा मानतात. आलेल्या पेपरपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी तिथे स्वीकारला जातो. इतर शाखांत असं नाही, म्हणून आपल्या विद्यापीठांत गोंधळ होतो. आधी कॉन्फरन्सला पाठवा, मग तोच पेपर वाढवून जर्नलला. प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर हवाच ही अट यूजीसीने २०२२मध्ये काढली, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती कार्यालयात जाऊन वाचा. पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या वाटेला जाऊ नका. असा एक पेपर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत आडवा येतो.

प्रश्न : साताऱ्यातला एक कन्सल्टंट पीएच.डी. प्रवेशासाठी दोन लाख मागतो. द्यावेत का?

नाही. प्राध्यापकांना स्वतः लिहा, नीट लिहिलेल्या पत्राला बरेच जण उत्तर देतात. ‘डीबीएलपी’ या संगणकशास्त्रातल्या पेपरांची यादी देणाऱ्या मोफत संकेतस्थळावर त्या प्राध्यापकाचं नाव टाका. त्याच्या पेपरांवर कोणाची नावं पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांपैकी किती जण पुढे प्रबंध पुरा करून कुठे लागले, ते शोधा. त्यातल्या दोघांना ईमेल करून विचारा, ‘गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात?’ मग प्राध्यापकांना दहा ओळींचं पत्र लिहा. त्यांचा एक पेपर वाचून त्यातला प्रयोग तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिला, काय जमलं आणि कुठे अडलं, एवढं त्यात पुरे. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारं, शंभर जणांना पाठवलेलं पत्र त्यांना लगेच ओळखू येतं. अमेरिकेसाठी बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरात संपते. तेव्हा ही पत्रं गणपतीपर्यंत गेलेली बरी.