विदिगालमध्ये खोली घ्यावी का? तीन वर्षं तिथे राहिल्यावर सांगते

तुमचा प्रश्न असा आहे: ब्राझीलच्या रिओत तीन महिने राहायचंय, विदिगालच्या फावेलात समुद्र दिसणारी खोली स्वस्तात मिळतेय, तर घ्यावी का? आणि 'ही झोपडपट्टी आता पार बदलली' असं लोक म्हणतात, ते कितपत खरं?

मी २०१३ ते २०१६ तिथे भाड्याने राहिले, डोंगराच्या मधल्या टप्प्यावर. माझ्या मते खोली घ्या, पण कुणाकडून घेताय ते बघून घ्या. आता जरा सविस्तर लिहिते.

आधी 'झोपडपट्टी' हा शब्द सोडून द्या. विदिगालमध्ये झोपडी दिसणार नाही. लाल पोकळ विटांची दोन-तीन मजली घरं, प्रत्येक गच्चीवर निळी पाण्याची टाकी, खाली पावाचं दुकान, केस कापायचं दुकान, प्रार्थनाघर. १८९७ मध्ये ईशान्य ब्राझीलमधली कानुदोसची लढाई संपल्यावर परतलेले सैनिक रिओतल्या एका टेकडीवर वस्ती करून राहिले. कानुदोसच्या डोंगरावर उगवणाऱ्या 'फावेला' नावाच्या झाडावरून त्या टेकडीला नाव पडलं आणि पुढे अशा सगळ्याच वस्त्यांना. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमधले १ कोटी ६४ लाख लोक फावेलात राहतात असं दिसलं, म्हणजे दर बारा माणसांत एकाहून थोडं कमी. विदिगालचे लोक स्वतः 'कोमुनिदाजी', म्हणजे समुदाय, म्हणतात, नाहीतर नुसतं 'मोहू', म्हणजे डोंगर. खालचं शहर म्हणजे 'अस्फाल्तो', डांबर.

बदल समजून घ्यायचा असेल तर गच्ची बघा. तिला तिथे 'लाझी' म्हणतात. आमच्या घरमालकिणीच्या वडिलांनी तळमजला बांधला, तिने पहिला मजला चढवला, आणि मी असताना मुलासाठी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. रविवारी सकाळी सहाला सुरुवात. वाळू-सिमेंट आदल्या दिवशीच पायऱ्यांवरून वर आणून ठेवलेलं, कारण आमच्या गल्लीत गाडी येत नाही. गल्लीतले पंधरा-वीस पुरुष खांद्यावर डब्यातून माल चढवत होते, एकाने एक पैसा घेतला नाही. बायकांच्या बाजूला फेज्वादाचं, म्हणजे काळ्या घेवड्यात डुकराचं मांस घालून शिजवायच्या कालवणाचं, मोठं पातेलं होतं. मला कांदा-लसूण चिरायला बसवलं. माल घट्ट व्हायच्या आत स्लॅब पुरा व्हायला हवा म्हणून दुपारपर्यंत कुणी बसलं नाही. संध्याकाळी त्या ओल्या स्लॅबच्या कडेला सळ्या तशाच वर सोडलेल्या दिसल्या. विचारलं तर घरमालकीण म्हणाली, नातवासाठी. आपल्या गावाकडच्या घरांवरही अशा सळ्या असतात, मला एकदम भरून आलं.

गच्चीवर पुढचा मजला चढवायचा, म्हणजे वरच्या हवेवरचा, हा हक्क विकताही येतो. पिढ्यान् पिढ्या हे व्यवहार रहिवासी संघाच्या कागदावर चालले, २०१७ मध्ये ब्राझीलच्या कायद्याने 'लाझीचा हक्क' म्हणून त्याला मान्यता दिली. ही मला तिथली खरी प्रगती वाटते, कारण ती लोकांनी आधी केली आणि सरकारने मागून मानली. उलट ज्याचा गाजावाजा झाला ते टिकलं नाही. रिओतल्याच आलेमांव नावाच्या फावेलांवरचा रोपवे २०११ मध्ये थाटात सुरू झाला आणि २०१६ मध्ये, ऑलिंपिक संपताच, बंद पडला.

पोलिसांचंही तसंच. विदिगालमध्ये २०१२ च्या सुरुवातीला वस्तीतच कायम राहणाऱ्या 'शांतता-पोलिसां'ची चौकी बसली आणि ड्रग्जच्या टोळ्यांमुळे होणारा गोळीबार थांबला, हे मान्य करायलाच हवं. पण २०१३ मध्ये डोंगरापलीकडच्या रोसिन्या फावेलातून अमारिल्दो नावाच्या गवंड्याला चौकीवर नेलं, तो परत आलाच नाही. पुढे पोलीसच दोषी ठरले. त्या महिन्यांत माझ्या शेजारणी गणवेश दिसला की बोलणं थांबवायच्या. २०१६ नंतर राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि ती व्यवस्थाही ढासळली.

त्या शांततेतच आमच्यासारखे परके आले. डोंगरमाथ्यावर हॉस्टेलं, देखाव्याचे बार निघाले. १९७७-७८ मध्ये विदिगालच्या लोकांना उचलून दूर सांता क्रूझला टाकायचा घाट होता, वस्ती अडून बसली आणि राहिली. मग १९८० मध्ये पोप इथे येऊन स्वतःची अंगठी देऊन गेले, हे अजून अभिमानाने सांगतात. बुलडोझरला जे जमलं नाही ते भाड्याने केलं. याला तिथे 'पांढरी हकालपट्टी' म्हणतात. ज्यांची स्वतःची लाझी आहे ते तरले. भाडेकरू गेले. माझ्या खोलीत आधी एक मोलकरीण दोन मुलांना घेऊन राहायची. खालच्या श्रीमंत लेब्लॉन भागातलं काम तिला चालत अर्ध्या तासावर होतं, नंतर दोन बस बदलून यावं लागे. हे मला राहायला गेल्यावर चार महिन्यांनी कळलं, आणि ते मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते: मालक त्याच घरात राहतो अशी खोली घ्या. दहा खोल्या विकत घेऊन चालवणाऱ्या बाहेरच्या माणसाची नको. सामान कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणा. बंदूक घेतलेली पोरं दिसली तर फोन खिशातच ठेवा. शेजारीण म्हणाली 'आज खाली जाऊ नको', तर कारण न विचारता घरी थांबा. मोटारसायकल-टॅक्सी चढाला घ्या, उतरताना चालत या. सगळ्यांना 'बोम जिया', म्हणजे सुप्रभात, म्हणा, आठवड्यात नावाने हाक येईल.

आणि खोली बघायला जाल तेव्हा टाकी किती लिटरची आणि पाणी कोणत्या वारी येतं, हे पहिलं विचारा. जानेवारीत आमच्याकडे सहा दिवस आलं नव्हतं.